कथा कोठे थांबवावी

नीलकंठशास्त्री पुराणिक यांचा एक नियम होता, आणि तो त्यांच्या वडिलांचा व आजोबांचाही होता. पुराण सांगताना ज्या स्थळी मृत्यू, शाप अथवा वियोग येतो त्या स्थळी पोथी बांधावयाची नाही. घड्याळाकडे पाहावयाचे नाही. पुढे कोणाचा जन्म होईपर्यंत, कोणाचे लग्न लागेपर्यंत, निदान हरवलेला कोणी घरी परतेपर्यंत कथा चालवावयाची, आणि मगच श्रोत्यांनी मुठीतील अक्षता पोथीवर वाहावयाच्या. अक्षता मुठीत आहेत तोवर कथा संपलेली नाही, असा त्याचा अर्थ. काशीत मंगला गौरीच्या देवळाच्या आसपास राहणारी मराठी मंडळी हा नियम जाणून होती. सबब, युद्धाचा प्रसंग लागणार असे कळले की बायका चुलीवरचा भात उतरवूनच पुराणाला येत.

अशा या शास्त्रीबुवांना नव्वदच्या दशकातील त्या मधल्या वर्षांत, एका हिवाळ्यात, टेलिव्हिजनवरील जपानी कार्टूनने विद्यार्थ्यासारखे समोर बसविले, ही हकिकत आश्चर्याची खरीच.

ते घडले त्यांच्या कन्येमुळे. बकुळ जबलपूरहून बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिचे पहिले मूल पोटातच गेले होते, आणि तेव्हापासून ती विचारल्याखेरीज बोलेनाशी झाली होती. काय खावेसे वाटते असे आईने, अन्नपूर्णाबाईंनी, विचारले तर ती म्हणे, काहीही चालेल. तिने आपण होऊन मागितलेली गोष्ट एकच. दर रविवारी सकाळी शेजारच्या वेणीमाधवांकडे दूरदर्शनवर ती जपानी मालिका लागते, ती मला पाहू द्या. जबलपूरला असल्यापासून तिने एकही भाग चुकविला नव्हता. गल्लीच्या पायऱ्यांवर धुक्याने शेवाळ ओले असे, म्हणून तिला हात देण्यासाठी बुवा सोबत जाऊ लागले.

वेणीमाधव बँकेत नोकरीला होते व रंगीत संच बाळगून होते. पहिल्या रविवारी बुवा संचाकडे पाठ करून, जपमाळ घेऊन बसले. लहान मुलांचा खेळ तो, आपण काय पाहायचा, अशी त्यांची समजूत. परंतु माळ वारंवार थांबू लागली आणि मान वारंवार वळू लागली.

"बुवा, सरळ बसा ना," वेणीमाधव म्हणाले. "पाठीला काय दिसणार, आणि मानेला लचक आली तर दोष माझ्या टीव्हीला."

बुवा सरळ बसले, ते पुढे सरळच बसू लागले.

मालिकेची कथा अशी होती. समुद्रातील एका खडकाळ बेटावर एक दीपगृह आहे. ते सांभाळणारी एक विधवा आणि तिची लहान मुलगी, एवढीच तेथे वस्ती. मालिका हिंदीत उतरविणाऱ्यांनी मुलीचे नाव लहरी असे ठेवले होते. आई रोज संध्याकाळी वर चढून दिव्याभोवतीची काच पुसते व दिवा लावते, आणि दूरच्या नावा त्या उजेडाने घरी येतात. बस, इतकेच. भागामागून भाग जात, पण कोणी कोणाशी लढत नसे.

मालिकेचा भाग संपला की वेणीमाधव व बुवा पंचगंगा घाटाच्या पायरीवर उन्हाला बसून तिच्यावर चर्चा करीत. वेणीमाधवांची तक्रार होती की यात खलनायकच नाही, आणि खलनायक नसेल तर सीरियलला मजा कशी यावी. शिवाय त्या माणसांचे डोळे बशीएवढे, आणि नाक शोधावे लागते. चित्रे मात्र बढिया, हे ते मान्य करीत. बुवांना खटकले होते ते निराळेच. पानावर दवाचा थेंब साचतो, तो जड होतो, पान वाकते, थेंब पडतो, आणि तोवर त्या कथेतील माणसे खुशाल गप्प राहतात. एवढ्या वेळात आपण तीन श्लोक व त्यांचा अर्थ सांगून मोकळे होतो, असे ते आधी तक्रारीच्या सुरात म्हणाले. पुढच्या रविवारी त्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारले, परंतु तक्रार त्यातून गळून गेली होती. त्यांनी विचारले, "वेणीमाधव, तो थेंब पडेपर्यंत तुम्ही श्वास धरला होता की नाही?"

वेणीमाधवांनी क्षणभर विचार केला आणि कबूल केले की धरला होता.

"आमच्या पुराणाला कोणी श्वास धरत नाही," बुवा म्हणाले. "ऐकतात, मान डोलावतात, भाताची काळजी करतात."

ज्याने कधी गंगा पाहिली नाही अशा कोणा दूरदेशीच्या मनुष्याने कागदावर रेघा ओढाव्यात आणि काशीतील पुराणिकाचा श्वास अडवावा, या विचाराने ते कितीतरी वेळ नदीकडे पाहत राहिले.

मग तो रविवार आला. त्या भागात समुद्रावर वादळ उठले. कोळ्यांची नाव खडकांत अडकली. आईने मुलीला जवळ घेतले, दिव्याकडे बोट दाखविले आणि ती लहान होडी घेऊन लाटांत शिरली. सकाळी होडी परत आली, रिकामी. वर दिवा विझलेला होता. लहरी किनाऱ्यावर उभी होती, आणि तिच्या तोंडून शब्द निघण्याआधीच भाग समाप्त झाला.

कथा मृत्यूवर थांबली होती, आणि ऐकणारी गर्भवती होती. वेणीमाधवांच्या पत्नी शरदिनीबाई बकुळकडे पाहून चटकन स्वयंपाकघरात गेल्या व गूळ घेऊन आल्या. बकुळने तो हातात घेतला, तोंडात घातला नाही.

पुढच्या रविवारी काय होईल या आशेवर सगळे होते, तर पुढच्या रविवारी मालिकेच्या जागी क्रिकेटचा सामना दाखविला गेला. त्या आठवड्यात बकुळची झोप उडाली. ती पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडून राही. अन्नपूर्णाबाई नवऱ्याला म्हणाल्या की अर्धी राहिलेली कथा पोटुशीच्या मनात घर करून बसते, आणि इतका मोठा पुराणिक घरात असून काही करीत नाही.

बुवांनाही ते पटले. कथा तुटली असेल तर ती पुरी करणे हा त्यांचा धर्मच होता. मंगळवारी सकाळी त्यांनी चौरंग मांडला, समई लावली, लेकीला पाटावर बसविले आणि तिच्या मुठीत अक्षता दिल्या. मग आजवर कोणत्याही पुराणिकाने केले नसेल असे त्यांनी केले. जपानी दीपगृहाची कथा पुराणाच्या थाटात पुढे चालविली. समुद्र हा सर्व नद्यांचा पती, त्याअर्थी गंगामाईदेखील त्या समुद्रात आहेच. तिने त्या बुडत्या मातेला आपल्या ओंजळीत झेलले, मकरावर बसविले, आणि पहाटेच्या समयी दीपगृहाच्या पायरीशी आणून सोडले. मायलेकी भेटल्या. दिवा लागला. अन्नपूर्णाबाईंनी डोळे पुसले व आपल्या अक्षता वाहिल्या.

बकुळची मूठ मिटलेलीच होती.

"वाहा बाळ," बुवा म्हणाले.

बकुळ म्हणाली, "बाबा, ती बाई बुडाली आहे. मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. गेलेलं परत येतं असं तुम्ही सांगितलंत, तर मी विचारीन, मग माझंच का नाही आलं?"

तिचा आवाज जराही चढलेला नव्हता. तिने त्या अक्षता पदराच्या टोकाला बांधल्या आणि उठून आत गेली.

त्या दिवशी बुवा एकटेच घाटावर बसले. आयुष्यभर आपल्या कथांतून त्यांनी किती मातांना पुत्र परत दिले होते. ऐकणाऱ्यांमध्ये ज्यांचे कोणी परत आले नाही अशा बाया असतील, त्या घरी जाऊन काय विचारीत असतील, हा प्रश्न त्यांच्या मनाला यापूर्वी शिवला नव्हता. संध्याकाळी वेणीमाधव बँकेतून परतताना त्यांच्याजवळ बसले. बुवांनी त्यांना सर्व हकिकत सांगितली आणि विचारले की ती जपानी माणसे आता काय करतील. आई परत येणार नाही, हे बुवा जाणून होते. मुलीला तसेच किनाऱ्यावर उभे ठेवताही येणार नाही. तिसरी वाट त्यांना सुचत नव्हती.

वेणीमाधव म्हणाले, "मामला कठीण आहे, बुवा. मी तर कर्ज मंजूर करणारा माणूस. पण ज्यांनी थेंब पडेपर्यंत थांबवलं, ते काहीतरी सोचूनच बसले असतील."

रविवार उगवला. धुके इतके होते की गल्लीतून जाताना समोरची गाय अंगावर येईपर्यंत दिसत नव्हती. बकुळ तीच, अक्षतांची गाठ असलेली साडी नेसून आधीच तयार होऊन उभी होती. वेणीमाधवांनी शेंगदाण्यांचा वाडगा मधोमध ठेवला, पण कोणी हात घातला नाही.

भाग सुरू झाला. संगीत नव्हते. केवळ समुद्राचा आवाज. लहरी दीपगृहाच्या पायऱ्या चढत होती. दाराशी आईच्या चपला वाकड्या पडल्या होत्या, त्या तिने सरळ करून ठेवल्या. वर गेली. काचेवर काजळी धरलेली. खिळ्यावर आईचे पुसायचे फडके टांगलेले होते. तिने ते घेतले, उलगडले, आणि थोडा वेळ नुसतेच हातात धरले. मग काच पुसू लागली. हात पुरेना. तिने आईचे स्टूल ओढत आणले. फरशीवर ते ओढल्याचा आवाज झाला, त्या सबंध वेळातील मोठा आवाज तोच. ती चढली, आणि काचेची वरची कड पुसू लागली. कोणी बोलत नव्हते, सांत्वनाला कोणी येत नव्हते, आकाशातून पुष्पवृष्टी होत नव्हती. काच थोडी थोडी स्वच्छ होत गेली आणि तिच्यातून समुद्र दिसू लागला. वेणीमाधवांच्या त्या खोलीत शरदिनीबाईंच्या बांगड्यादेखील वाजल्या नाहीत.

मग तिने दिवा लावला.

उजेडाचा झोत पाण्यावरून फिरू लागला. तो लाटांवरून गेला, खडकांवरून गेला, आणि जेथे आईची होडी लाटांत दिसेनाशी झाली होती त्या जागेवर आला. बुवा पुढे सरकले. त्यांना वाटले, आता हा येथे थांबेल, येथे काहीतरी दिसेल. झोत त्या जागेवरून गेला, थांबला नाही. एक फेरी घेऊन पुन्हा त्या जागेवर आला, आणि पुन्हा पुढे गेला. दूरवर कोणा नावेने भोंगा वाजविला.

बुवांचे हात आपोआप जोडले गेले. ज्या जागेवर थांबता येत नाही आणि जी टाळताही येत नाही, तिच्यावरून कथा अशी नेता येते, हे त्यांच्या आजोबांनी त्यांना शिकविले नव्हते. कदाचित आजोबांनाही ठाऊक नव्हते.

इतक्यात संचाचा पडदा मध्यभागी एका ठिपक्याएवढा आकसला आणि काळा झाला. हिवाळ्यात वरचा पंखाही चालू नव्हता, की तो थांबला म्हणून खात्री व्हावी. वेणीमाधव खिडकीशी जाऊन पाहून आले. सगळ्या गल्लीची बिजली गेली होती.

"बघा, तिकडची बत्ती लागली आणि इकडची गुल," शरदिनीबाई म्हणाल्या, आणि लगेच जीभ चावून बकुळकडे पाहू लागल्या. सगळेच पाहू लागले. कथा पुन्हा अर्ध्यावर तुटली होती.

बुवांनी घसा खाकरला. सवयीने त्यांच्या ओठांवर पुढील प्रसंग आलाही होता. नावेचा भोंगा, तीवरून उतरणारा कोणी दयाळू वृद्ध, मुलीच्या मस्तकावर ठेवलेला हात. तो त्यांनी तेथेच गिळला.

"बकू," त्यांनी विचारले, "पुढचं सांगू?"

"नको बाबा," ती म्हणाली. "आज इथे थांबलं तरी चालेल."

तिने पदराची गाठ सोडली. अक्षतांचा कुंकवाचा रंग थोडा पदराला लागला होता. संचावर शरदिनीबाईंनी विणलेला रुमाल अंथरलेला असे, त्यावर तिने त्या अक्षता वाहिल्या व मान लवविली. वेणीमाधव काही विनोद करणार असे वाटले, परंतु त्यांनीही चष्मा काढून नमस्कार केला. मग बकुळने वाडग्यातून मूठभर शेंगदाणे घेतले आणि ते खात खात ती पायऱ्या उतरू लागली. बुवा हात धरायला घाईने मागे गेले.

गल्लीत धुके तसेच होते. घराच्या दाराशी आल्यावर ती वळली नाही. घाटापर्यंत जाऊ या म्हणाली. माहेरी आल्यापासून ती नदीवर गेली नव्हती. बुवांनी तिला कठड्याच्या बाजूने घेतले.

पायऱ्या उतरून दोघे पाण्याशी आली. मग तिने विचारले, "आता रोज तीच पुसत असेल ना ती काच?"

"रोज," बुवा म्हणाले. "काजळी रोजच धरते."

धुक्यातून कोणा नावाड्याने हाक दिली, आणि पलीकडून दुसऱ्याने तिला उत्तर दिले. दोघेही दिसत नव्हते. बकुळ दाणे खात उभी राहिली, आणि बुवाही, एकही श्लोक न म्हणता, तिच्याजवळ उभे राहिले.