तळ्याला भरवलेले घास

भाद्रपद सरत आला होता. चार दिवसांच्या मळभातून राखाडी, रोगट उजेड गावतळ्यावर झिरपत होता. आणि तळे हिरवे होते. पाचूचे हिरवे नव्हे, शेवाळाचे हिरवे, दाट हिरवे, निश्चल हिरवे. एक बगळा काठावर उतरला आणि लगेच उडून गेला.

डोमाजी ढिवराचा जन्म या तळ्यावर जाळे टाकण्यात गेला. जे आपल्याला पोसते त्याला आपणही पोसावे, या भोळ्या मायेने त्याने यंदा पाण्यात शेण कालवले, युरिया सोडला. मासा अंग धरतो म्हणून सारेच ढिवर थोडे खत घालतात. पण कोपरापर्यंत हात बुडवावा, हिरव्या पाण्यात तळवा दिसेनासा झाला की थांबावे, हे त्यांचे माप. श्रावणातच तळवा दिसेना. वरच्या भातशेतांच्या बांध्यांतून धानाचे खतही पावसासवे उतरतच होते. तरी, लेकराला एक घास जास्त भरवावा तशी, त्याने आणखी दोन पोती ओतली. तिथेच चुकले.

आज पहाटे त्याची बायको इठाबाई काठावरून ओरडली, "अजी, धावा! मासोऱ्या वर आल्या, तोंडं उघडून रायल्या!"

तळे तोंडांनी भरले होते. रुपेरी कटला, तांबूस रोहू, बोटभर चिमुकली पिल्ले. सहस्र मुखे आणि एकच तहान, तीही पाण्याची नव्हे, प्राणवायूची. माजलेल्या, सडलेल्या शेवाळाने रात्रीत तळ्याचा सारा श्वास पिऊन टाकला होता.

डोमाजी धोतरासकट छातीभर पाण्यात शिरला आणि दोन्ही हातांनी पाणी बडवू लागला. बडवल्या पाण्यात वारा मिसळतो, एवढे त्याला ठाऊक होते. हिरवा फेस उसळला. आणि मासे आले. जन्मभर त्याला भ्यालेले मासे त्याच्या पोटऱ्यांना, पोटाला, कुशीला बिलगले. त्याला रडू कोसळले.

"निघा आता बाहीर," इठाबाई कळवळून म्हणाली. "अख्खं तळं कितीक बडवान?"

"थांबलो तं मरतेत वं."

तळे वीस एकरांचे, हात दोन.

हात जड झाले. मग संथ झाले. मग पाण्यावर नुसते पडून राहिले. भोवती एकेक पांढरे पोट वर आले, दूरवर, बांधापर्यंत, आणि इठाबाईने हाक मारणे सोडून दिले.

एक थोराड कटला अजून त्याच्या छातीला तोंड लावून होता. त्या ओठांची उघडझाप त्याला जाणवत होती. मंद, आणखी मंद. मग छातीशी नुसते पाणी हलत राहिले.