बांधावरचा भाऊ

रंभाबाईच्या घशातली गाठ साधीसुधी नव्हती. नागपूरच्या डॉक्टरांनी सुरेंद्रला बाजूला घेऊन सांगितलं, स्वरयंत्रच काढावं लागेल. आई वाचेल, पण बोलणार नाही. मग गाणं तर लांबच राहिलं. आणि गावाकडे धानाच्या रोवणीला रंभाबाईने पहिली ओळ उचलल्याशिवाय बायांचे हात चिखलात चालत नसत.

सुरेंद्र ब्रह्मपुरीत घरीच कॉम्प्युटरवर टायपिंगची कामं करायचा. दोन हजार तीनचा मे महिना होता. आईला दवाखान्यात न्यायच्या आदल्या दिवशी त्याने बाजारातून माइक आणला आणि तिला खुर्चीवर बसवलं. आवाज जाणारच असेल, तर निदान तो कॉम्प्युटरमध्ये तरी राहावा, एवढीच त्याची इच्छा.

रोवणीचं एक लांब गाणं ती गायची. सासुरवाशीण धानाच्या बांधीत वाकून रोवत असते. बांधावर कोणी दिसलं की विचारते, माझ्या माहेरचं माणूस का? आधी सासरा निघतो, मग दीर, मग कोणी वाटसरू. अगदी शेवटी भाऊ येतो. त्या कडव्याला बाया चिखलाच्या हातांनीच डोळे पुसत.

घोगऱ्या आवाजात का होईना, रंभाबाई भावापर्यंत पोचली. सुरेंद्रने ऐकून पाहिलं, तर गाण्याखाली सारखं घुंऽऽ चालू. खोलीत मधमाश्यांचं मोहोळ बसावं तसं.

"खराब झालं, माय. पुन्हा म्हन."

त्याने पंखा बंद केला, ट्यूबलाइट बंद केली, माइकची वायर मॉनिटरपासून लांब नेली. रंभाबाईने पुन्हा सगळं गाणं म्हटलं. घुंऽऽ होतंच. खराब झालेलं तो लगेच पुसून टाकत होता. डिस्कवर जागा कमी होती हे खरं, पण मूळ स्वभावच तसला; ताटात खरकटं दिसलेलं त्याला खपत नसे.

"राहू द्या ना जी," त्याची बायको साधना म्हणाली. "मायचा आवाज तं समजून राह्यला."

"मले साफ पाह्यजे," तो खेकसला.

तेवढ्यात त्याचा हात कॉम्प्युटरच्या पत्र्याला लागला आणि झिणझिण्या आल्या. मग कुठे स्वारीच्या डोक्यात उजेड पडला, घुंऽऽ अर्थिंगमुळे आहे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकला की कूलरसुद्धा असाच करंट मारतो! त्याने अंगणातल्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं. आईला तिसऱ्यांदा गायला लावलं. घुंऽऽ पार गेलं होतं. गडी लंका जिंकल्यासारखा हसला.

पण आता त्या शांततेत दुसरंच काही ऐकू येऊ लागलं. कचर, कचर, कचर. गाण्याच्या ठेक्यावर, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. सुरेंद्रने तेही पुसलं आणि आवाज शोधू लागला. उंदीर नव्हता, खुर्ची नव्हती. मग त्याचं लक्ष आईच्या मांडीवर गेलं. पदराखाली तिचे हात प्लास्टिकची पन्नी घोटत होते.

तंबाखू-सुपारीचा खर्रा असाच पन्नीत घोटतात. गाठ त्यानेच झाली, असं डॉक्टर म्हणाले होते. सुरेंद्रच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माय! अजून खर्रा?" त्याने पन्नी हिसकली आणि उघडली. आत मूठभर धान होतं.

"डॉक्टरनं सांगतलं त्याच दिवशी सोडला म्या," रंभाबाई म्हणाली. "पण हात रिकामे राह्यले का गाणं याद नाई येत, बाबू."

सुरेंद्र मेल्याहून मेल्यासारखा झाला. तरी पन्नी काही त्याने परत दिली नाही.

"या बार पन्नीबिगर म्हन, माय. आवाज येते तिचा."

फोटोला बसवल्यासारखे गुडघ्यांवर हात ठेवून ती गायली. सासरा आला, दीर आला, वाटसरू आला. मग ती थांबली. ओठ हलले, पण कडवं येईना. पुन्हा सुरुवात करायला गेली तर खोकल्याची उबळ आली, आणि घसा बसला तो बसलाच. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते नागपूरला गेले.

रंभाबाई परतली तेव्हा रोवणी सुरू झाली होती. गळ्यातल्या छिद्रावर पांढरं फडकं होतं. तिने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. सुरेंद्रने उरलेलं ते एकच गाणं लावलं. आवाज आरशासारखा स्वच्छ होता. वाटसरू आला, आणि पुढे काहीच नाही. भाऊ तीनदा बांधावर आला होता, आणि तीनही वेळा आपणच त्याला पुसून टाकलं, हे सुरेंद्रला त्या क्षणी कळलं. त्याला रडू आवरेना.

रंभाबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग कमरेला खोचलेली धानाची दुसरी पन्नी काढली आणि घोटू लागली. कचर, कचर, कचर. त्या ठेक्यावर तिचे ओठ हलू लागले. सुरेंद्रने डोळे पुसत माइक लावला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. सासरा आला, दीर आला, वाटसरू आला. हात थांबले नाहीत. शेवटी रंभाबाईने मान वर केली, दाराकडे बघून ती हसली, आणि पुढचं कडवं तिच्या ओठांवर पूर्ण झालं.

"हे पुसू नका," साधना हळूच म्हणाली.

त्याने नाही पुसलं. त्या फायलीत पन्नीच्या आवाजाशिवाय काहीच ऐकू येत नाही.