नादबाबाचा बोलका पडदा

मुठा गावच्या मठात मुंगी शिरायला जागा नव्हती. वर्षापूर्वी वारलेले कोंडाजीबुवा आज पुन्हा गाणार होते! नादबाबानं चिमटा आपटला, डोळे फिरवले आणि पडद्यामागून खरंच बुवांचं भजन सुरू झालं. बायाबापड्या ढसाढसा रडल्या. बुवांच्या बायकोनं, चंद्राबाईनं, तर जमिनीला डोकं टेकलं.

"बुवा गाऊन सांगत्यात," नादबाबा घुमला, "माझं भाताचं खाचर मठाला द्या, मंजी मी सुटलो!"

आता स्वर्गातल्या माणसाला सातबाऱ्याची चिंता कशाला? पण विचारणार कोण! चंद्राबाईचं पोट त्या एका खाचरावर होतं, आणि ती मान डोलवत होती.

गर्दीतल्या बाबालालच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जत्रेत कर्णे लावता लावता या पौडच्या गड्यानं पुण्यात ध्वनिमुद्रणाचा धंदा उभा केला होता. आवाज घुमू नये म्हणून त्यानं खोलीच्या भिंतींना गोधड्या टांगल्या, तेव्हा लोक हसले, पण मावळातले भजनी तिथंच येऊन गायचे. बुवांचं हे भजन त्याच खोलीतलं. त्याची टेप नादबाबाचा चेलाच 'पूजेसाठी' घेऊन गेला होता.

भजन संपत आलं. बाबालाल सरळ पडद्यामागं घुसला आणि यंत्र बंद करायला सरसावलेल्या चेल्याचा हात धरून ओरडला, "थांबा मंडळी! बुवा अजून बोलणार हायेत!"

शेवटचा टाळ वाजला आणि बुवांचा आवाज आला, "झालं का रं, बाबालाल? पंखा लाव आता. लई उकडतंय!"

"स्वर्गात पंखा?" कुणीतरी विचारलं आणि मठभर हशा पिकला.

पंख्याची घरघर टेपमध्ये येते, म्हणून गाताना तो बंद असायचा. बुवांना धीर नसे. यंत्र थांबायच्या आत ते बोलून मोकळे व्हायचे. बाबालालनं पडदा ओढला. बॅटरीवरचं टेपयंत्र अजून फिरत होतं.

"टेपवाल्या, कोप व्हईल!" नादबाबा किंचाळला.

"होऊ दे माझ्यावर! मी हितंच हुबा हाय."

"भाऊ, आवाज त्यांचाच हाय न्हवं?" चंद्राबाईनं विचारलं.

"व्हय वहिनी, आवाज त्यांचाच. मागणी ह्याची." तो लोकांकडं वळला. "यंत्र ऐकलेलंच ऐकवतं, नवं मागत न्हाई. मेलेला माणूस शेत मागाया लागला, तर पडद्यामागं जाऊन बघा. इचारायला भिऊ नका."

चंद्राबाई पदर खोचून उठली. "भाऊ, यंत्र घेऊन उद्या खाचरावर या. भातलावणीला त्यांचं गाणं लागंल. आन् बाबा, तुमीबी या. चिखल तुडवायला एक माणूस कमी हाय."