काच खाली ओढलेलं हेल्मेट

मित्रांनो, दारू सोडून महेंद्रला काय मिळणार होतं? माझ्या हिशेबाने एकच गोष्ट: स्कूटरची मागची सीट. ती आठ महिने रिकामी होती. तिच्यावर बसणारी सान्वी, त्याची पाचवीतली मुलगी, क्लासमधून चालत घरी यायची आणि बाप स्कूटर घेऊन तिच्या मागून गोगलगायीसारखा यायचा.

हे सांगणारा मी कोण? मी महेंद्रचं जुनं हेल्मेट. डोक्यावर बसणाऱ्याला डोक्यातलं सगळ्यात आधी कळतं.

साच्यातून निघालो तेव्हा मी काळाभोर आणि चकचकीत होतो. कल्याणच्या दुकानात महेंद्रच्या बायकोने, अमृताने, नारळ पारखावा तसं टकटक वाजवून मला निवडलं. "याचं डोकं शाबूत ठेव रे," ती चक्क मला म्हणाली. पहिली दोन वर्षं कौतुकाची गेली. सान्वी मला रोज फडक्याने पुसायची.

मग कंपनी सुटली की ठाकुर्लीला घरी येण्याआधी महेंद्र एका ठिकाणी थांबू लागला. मला आरशावर टांगून आत जायचा. बाहेर आल्यावर त्याच्या तोंडाचा वास माझ्या अस्तरात मुरायचा. सान्वीचं पुसणं थांबलं. आता ती मला हातात घ्यायची, नाक आत घालायची आणि खुंटीला लावायची.

एका संध्याकाळी नव्वद फुटी रस्त्यावर त्याला गतिरोधक दिसलाच नाही. मागे सान्वी होती. तिचे दोन्ही गुडघे सोलले. त्याचं डोकं दगडावर आपटलं, म्हणजे मी आपटलो. डोकं वाचलं, तडा मला गेला. दुसऱ्या दिवसापासून सान्वी क्लासमधून चालत येऊ लागली.

"तू सोडशील तेव्हा बसेल ती," अमृता म्हणाली. "आपल्या ठाकुर्लीतच दारू सोडणाऱ्यांची मीटिंग असते. शाळेच्या वर्गात. चालत पाच मिनिटं."

"येडी आहेस का? तिथे सगळे ओळखतात मला. रविवारी विहारात कुठल्या तोंडाने जाऊ?"

आता सांगा, रोज जिना चढताना गाणी म्हणणाऱ्या माणसाला ओळखत नव्हतं कोण? पण हे त्याला कोण सांगणार!

तो डोंबिवलीच्या मीटिंगला गेला. बाहेर कंपनीतल्या एकाची बाइक दिसली, तसाच वळला. मोहने गावातल्या मीटिंगचा पत्ता चुकला की चुकवला, ते त्याचं त्याला ठाऊक. कल्याणला आत जाऊन बसला खरा, पण मला काढेना. काच खाली. एका बाईंनी प्रेमाने चहा दिला, तो प्यायचा कसा? कप तसाच ठेवून उठला. माणूस लाजेपायी चहासुद्धा सोडतो, दारू मात्र सुटत नाही. गंमतच आहे.

शेवटी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमधून दीड तास घासत ठाणे गाठलं. तिथे कुणीतरी हसून म्हणालं, "भाऊ, डोकं बाहेर काढा. इथे कुणी दगड मारत नाही."

त्याने मला काढलं, आणि शेजारच्या खुर्चीवरून आवाज आला, "अरे, महेंद्रा!"

ते धम्मपालकाका होते. विहारात दर रविवारी पंचशील सांगतात ते.

"काका, तुम्ही? इथे?"

"नऊ वर्षं येतोय. ठाकुर्लीत कुणी बघायला नको म्हणून."

"मी पण त्याचसाठी आलो!"

काका गालात हसले. "नशा न करण्याचं पाचवं शील आलं की तुझा आवाज बसतो, तो मला ऐकू येतो बरं. मी ते एवढ्या मोठ्याने का म्हणतो, ते आज तुला कळलं."

दोघं पोट धरून हसले. मग महेंद्र रडला. त्याच्या मांडीवर मीच होतो, त्यामुळे ओला मी झालो. "पुढच्या मंगळवारी ठाकुर्ली," काका म्हणाले. "मी पण येतो. काच वर ठेवायची."

ठाकुर्लीच्या शाळेचा वर्ग नंदामावशी उघडतात. महेंद्रला पाहून त्या म्हणाल्या, "या. तुमची गाणी माझ्या गॅलरीपर्यंत यायची. उशीर केलात, पण आलात."

तो दर मंगळवारी जात राहिला. मध्ये एकदा घसरला, पुन्हा प्यायला, तरी पुढच्या मंगळवारी गेलाच. सान्वी रोज वास घेत राहिली. आणि एक दिवस क्लासबाहेर तिने हात पुढे केला. महेंद्रने मला दिलं. तिने नाक आत घातलं, बराच वेळ.

"शी! बाबा, नुसता घाम!"

एवढी स्तुती माझी दुकानातही झाली नव्हती. ती मागे बसायला निघाली, तर महेंद्र म्हणाला, "थांब जरा." त्याने डिकीतून एक छोटं निळं हेल्मेट काढलं. त्यावर धूळ होती. पहिल्या मंगळवारीच घेऊन ठेवलं होतं त्याने.

तडा गेलेलं हेल्मेट डोक्यावर चालत नाही, हे महेंद्रला उशिराच उमगलं; त्याने स्वतःलाही नवं घेतलं आणि मी आता वर्गाच्या कपाटात असतो. नंदामावशी माझ्यात मीटिंगच्या चहाची पुडी ठेवतात. अस्तराला वास चांगला येतो, आणि मी सगळ्यांचा आभारी आहे.

मित्रांनो, मार खाल्लेलं हेल्मेट पुन्हा घालू नका. आणि लाजेपायी काच खाली ओढून लांब जाऊ नका. दार बहुतेक जवळच असतं.

राहिला हिशेब. दारू महेंद्र प्यायला. तडा मी घेतला, आणि तो मला परवडला. पण आठ महिने क्लासपासून घरापर्यंतचं अंतर, सोललेल्या गुडघ्यांनी, चालली ती सान्वी.