पायलची फी

भीमाबाईंचा इंग्रजी शब्दांवर तसा राग नव्हता. मोबाइल, गॅस, सलाईन हे सगळे शब्द त्या घरचेच असल्यासारखे वापरायच्या. फक्त ‘फी’ हा शब्द कानावर पडला की त्यांचं डोकं फिरायचं. पोरीच्या शाळेची फी, कॉलेजची फी, परीक्षेची फी. मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं पोळ्या लाटून त्यांनी ती एकटीनं भरली होती. फी म्हणजे आपण भरायची आणि दुसऱ्यानं घ्यायची, याहून वेगळा अर्थ इंदोरा वस्तीतल्या त्या घरात कधी कुणाला सुचलाच नव्हता.

आता त्यांची पायल महिनाभर मोबाइलवर घरबसल्या करता येईल असं काम शोधत होती. कारण अगदी साधं होतं. हैदराबादच्या एका कॉल सेंटरनं तिला निवडलं होतं आणि सोमवारच्या गाडीचं तिकीटही निघालं होतं. वडील गेल्यापासून घरात दोघीच. भीमाबाई इंदोरा सोडायला तयार नव्हत्या आणि आईला एकटं टाकून जायला पायलचं मन धजत नव्हतं. सोमवारच्या आत इथंच काम मिळालं, तर जायचं टळणार होतं.

कामांचा तसा तुटवडा नव्हता. पेन्सिली डब्यात भरा, जाहिराती बघा, फॉर्म भरा आणि घरी बसून राजासारखे राहा. पायल प्रत्येक काम वहीत लिहायची आणि भीमाबाई भाजी निवडता निवडता एकच प्रश्न विचारायच्या.

“फी मागतली काय?”

“हाव.”

“मंग काट त्याले.”

असं करत वहीची अकरा पानं काट मारून बाद झाली. शेजारच्या विक्कीला हे बिलकूल पटत नव्हतं. हिंगण्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आला की तो दारात मोटारसायकल उभी करून सल्ला द्यायचा. “काकू, थोडीशी फी तर भराच लागते ना! मी दोनदा भरली.”

“मंग काम भेटलं का तुले?”

“अजून नाही. पण थे लोक बोलते मस्त!”

शुक्रवारी तर पायलचाही तोल गेला. एका कंपनीनं तिच्या नावाचं नेमणूकपत्रच पाठवलं. वर शिक्का, खाली सही, आणि सहीच्या खाली बारीक अक्षरात लॅपटॉपची अनामत रक्कम. सोमवार डोळ्यांसमोर नाचत होता. तिचा अंगठा पैसे पाठवायच्या बटणापर्यंत गेला.

“आई, ही फी नाही, अनामत आहे. नंतर वापस देते थे.”

भीमाबाईंनी क्षणभर विचार केला. “वापसच द्याचे हायेत, तं मंग आता काहून मागून राहिले?”

पायलनं बारावं पान काटलं आणि हैदराबादसाठी बॅग भरायला घेतली.

शनिवारी दुपारी भीमाबाई अंगणातल्या खाटेवर मूगवड्या घालत होत्या. पायल बाजूलाच बसली होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पुण्याहून कुणी मुग्धा बोलत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी पायलनं त्यांच्याकडे ‘रेकॉर्डिंग ऐकून लिहिणे’ या कामासाठी अर्ज केला होता आणि नंतर ती विसरूनही गेली होती. तिनं फोन स्पीकरवर टाकला, पाठ ताठ केली आणि आपलं ठेवणीतलं मराठी बाहेर काढलं.

हे मराठी ती फक्त मुलाखतीसाठी वापरायची. कॉलेजात एकदा बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर ती ‘मी अभ्यास करून राहिली’ म्हणाली होती, तर तो हसत सुटला होता. ते हसणं तिच्या मनातून गेलं नव्हतं. अर्जातल्या ‘कोणती बोली येते?’ या प्रश्नापुढंही तिनं ‘एकही नाही’ असं ठासून लिहिलं होतं.

“आपल्याशी संवाद साधून मला अत्यंत आनंद होत आहे,” पायल म्हणाली. मूगवड्या घालणारा हात थांबला. भीमाबाईंनी लेकीकडे पाहिलं. हिला ताप तर नाही ना आला!

“छान आहे तुमचं मराठी. अगदी पुस्तकातलं,” मुग्धा म्हणाल्या, पण त्यांचा आवाज जरा पडल्यासारखा वाटला. “बरं, अर्जात एक रकाना राहिलाय. तुमची फी काय?”

झालं! ‘फी’ कानावर पडली आणि भीमाबाईंनी डाळ माखलेल्या हातानं फोन ओढून घेतला.

“आली ना शेवटी फीवर! गोड गोड बोलून राहिली अन् मंग हळूच फी काढते! अवं बाई, काम माही पोरगी करन अन् फीबी तिनंच भराची? कोणत्या गावचा कायदा हाय हा? बावीस वर्सं पोया लाटल्या म्या, पन लाटणं हाती घ्याचे पैसे कोनाले देल्ले नाही!”

“आई! काय करून राहिली तू?” पायलचं ठेवणीतलं मराठी कुठच्या कुठं पळालं. “फोन दे इकडं! गंज झालं तुयं आता!”

“थांबा, थांबा!” फोनमधून मुग्धा जवळजवळ ओरडल्याच. “काय म्हणालात? गंज?”

पायलनं फोन परत घेतला. सगळं संपलंच आहे, तर आता लपवायचं काय? “गंज म्हणजे खूप, मॅडम. आमच्याकडं तसंच म्हणते.”

पलीकडं हसू फुटलं. मुग्धांनी सांगितलं, त्यांची कंपनी शेतकऱ्यांसाठी एक मशीन तयार करत होती. शेतकऱ्यानं फोनवर विचारायचं आणि मशीननं उत्तर द्यायचं. रामटेककडच्या एका माणसानं सांगितलं होतं, ‘औंदा धानाले गंज पाणी भेटलं.’ मशीननं ते ‘गंजलेलं पाणी’ असं लिहून घेतलं आणि त्या बिचाऱ्याला विहिरीचा पाइप बदलायचा सल्ला दिला.

पायल इतकी हसली की तिला ठसका लागला. मुग्धांनी मग आणखी चार रेकॉर्डिंग ऐकवली. पायल एकेक वाक्य ऐकत गेली आणि अर्थ सांगत गेली. एकदाही अडखळली नाही.

“महिनाभर आम्ही असंच माणूस शोधतोय,” मुग्धा म्हणाल्या. “तुम्ही बोली येत नाही असं का लिहिलंत?”

“लाज वाटली, मॅडम.”

“आता?”

“आता नाही वाटून राहिली.”

“मग सोमवारपासून सुरू करता येईल? घरूनच. सोमवारी घरी आहात ना?”

पायलनं दारातून आत पाहिलं. अर्धी भरलेली बॅग पलंगावर पडली होती. 

“सोमवारी मी घरीच आहे,” ती म्हणाली.

“उत्तम! फक्त फीचं तेवढं राहिलं.”

भीमाबाईंच्या भुवया पुन्हा चढल्या. पायलनं घाईघाईनं त्यांचा हात धरला. “आई, आपण नाही भराची. थे देणार. माया कामाची फी थे मले देणार.”

“थे आपल्याले?”

“हाव.”

“फी?”

“हाव वं माय!”

भीमाबाईंनी पदराला हात पुसले, डोळेही पुसले आणि फोनवर वाकल्या.

“बाई,” त्या म्हणाल्या, “मंग गंज लागन.”

या खेपेला मुग्धांना अर्थ विचारावा लागला नाही.