शनिवारची खुर्ची

मित्रांनो, निर्मळ गावच्या एका केळीच्या वाडीतल्या घरात राहणारी मी एक जुनी वेताची खुर्ची आहे. पाठ माझी सरळ, अगदी नको तितकी सरळ. माझ्यावर बसलं की शाळेत बसल्यासारखं वाटतं, असं पाहुणे म्हणत. पण घरधनी शरदचंद्रभाऊंची मी लाडकी. केळीचे घड गाडीत भरून होईपर्यंत ते माझ्यावर बसून चहा पीत आणि सगळ्यांची थट्टा करत. मोठ्या तोऱ्यात होते मी तेव्हा.

तोरा कुणाचा टिकतो? भाऊ गेले, घरात गुबगुबीत सोफा आला आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. माझ्यावर ओले पंचे वाळू लागले. फार वाईट वाटे मला.

मग भाऊंच्या पत्नी आशालताबाई मोरीपाशी घसरल्या. पडणं साधंच, पण मनगट मोडलं. हाडं ठिसूळ झालीत, असं सांगून डॉक्टरांनी आठवड्याची एक गोळी दिली. शनिवारी उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. सोफ्यावर बाई लगेच कलंडत. म्हणून सूनबाई स्वप्नाने मला पुसूनपुसून खिडकीशी आणलं. ज्या पाठीला सगळ्यांनी नावं ठेवली, तीच कामाला आली.

चहावाचून बाई चिडचिडत. मग मांडीवर मोगऱ्याच्या कळ्या घेऊन केळीच्या सोपाच्या, म्हणजे खोडाच्या वाळलेल्या सालीच्या, धाग्यात गजरा गुंफू लागल्या. झाला की तो माझ्या हातावर अडकवायचा आणि चहा मागायचा, हा त्यांचा शनिवारचा नेमच झाला.

पुढे बाई विसरू लागल्या. आमटीत मीठ दोनदा पडे. भाऊ अजून वाडीतून आले नाहीत का, असं त्या विचारत. हे त्या गोळीमुळेच, ती बंद करा, असं मुलगा जितेंद्र म्हणू लागला. स्वप्नाने आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, विसरण्याचा दोष गोळीवर ढकलू नका, त्याची तपासणी वेगळी करू. पण औषध मनाने सोडलं आणि बाई पुन्हा पडल्या तर खुबा मोडायचा. जितेंद्रने ऐकलं, पण मनातली अढी काही गेली नाही.

एका शनिवारी स्वप्ना बाईंना गोळी देऊन लवकर कामावर गेली. जितेंद्र उठला आणि त्याने आईला गोळीचं विचारलं. घेतली नाही, असं बाईंनी ठामपणे सांगितलं. स्वप्नाचा फोन लागेना. पाकिटात किती गोळ्या होत्या, हे त्यालाही आठवेना, आणि विसराळू म्हणे बाई! शेवटी त्याने दुसरी गोळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. मी सगळं पाहिलं होतं, पण खुर्चीला तोंड असतं कुठे?

बाईंनी पेला उचलला. त्यांचं कोपर माझ्या हाताला लागलं आणि तिथला गजरा मांडीवर पडला. जितेंद्र थबकला.

"आई, हा कधी केलास?"

"आत्ताच. गोळी घेतली की चहा मिळेपर्यंत काय करू मी?"

त्याने आईच्या हातातली गोळी काढून घेतली आणि तो तिथेच जमिनीवर बसला. त्याला रडू आलं. बाईंना काही उमजेना. त्यांनी गजऱ्याचा तुकडा तोडून त्याच्या खिशात ठेवला आणि सुकायच्या आत स्वप्नाला दे, म्हणून बजावलं.

आता शनिवारी गोळी जितेंद्रच देतो आणि माझ्या पायाशी बसून कळ्या निवडतो. मित्रांनो, माझा वेत मधे सैल झालाय, तेवढा कुणी विणून दिलात तर उपकार होतील. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'आठवत कसं नाही?' असं विचारू नका. अर्धा तास त्याच्याजवळ बसा.

परवा बाईंनी जितेंद्रला विचारलं, "तू कोणाचा रे?"

"तुझाच."

"मग धागा धर," बाई म्हणाल्या.