खणावर ठेवलेला पाना

मी पाना बोलतोय. चौदा-पंधरा नंबरचा, दोन्ही टोकांना तोंड असलेला. दोन तोंडं असूनही ज्या दिवशी बोलायला हवं होतं, त्या दिवशी एकातूनही शब्द फुटला नाही. म्हणून आज सांगतो.

माझा जन्म कुठल्या भट्टीत झाला ते मला माहीत नाही. आठवतं ते राणीगंजचं दुकान आणि अंगाभोवतीचा तेलकट कागद. एकनाथरावांनी जुनी गाडी घेतली, त्याच आठवड्यात मला घेतलं. ते पाटबंधारे खात्यात कारकून, राहायला मलकपेठेत. गाडीचं बारीकसारीक काम स्वतःच करायचे. काम झालं की मला फडक्यानं पुसायचे, तळहातावर एकदा तोलायचे आणि डिकीत ठेवायचे. माणसं हत्यारं वापरतात खूप, पुसतात थोडी. हे पुसायचे.

खंडेनवमीला माझी पूजा व्हायची. त्यांची बायको पद्मावती गाडीच्या इंजिनालाही खण द्यायची. "शिवणाच्या मशीनला देतो, मग हिला का नको? ही तर आपल्याला ओढते," म्हणायची. इंजिनावरच्या गोल झाकणावर हिरवा खण, त्यावर हळदकुंकू, आणि खण उडू नये म्हणून वर मी. मग बोनट लावून टाकायचं. दसरा होईपर्यंत गाडी हलवायची नाही, मलाही हात लावायचा नाही, असा घरचा नेम.

चौऱ्याण्णव साल असेल. रस्त्यावर नव्या छोट्या गाड्या पळू लागल्या होत्या. मुलगा विनय बंगळूरला नव्या कंपनीत लागला होता. फोनवर म्हणायचा, "बाबा, तो डबा विका आता." एकनाथराव म्हणायचे, "विकू. आधी तुझ्या आईला विचार."

दसऱ्याच्या सकाळी पद्मावतीचा दमा उसळला. एका शब्दाला दोन श्वास लागायला लागले. गोळीनं उतरेना. डॉक्टर सुलतान बाजारात, आणि सणामुळे दाराशी रिक्षा नाही. एकनाथरावांनी तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि किल्ली फिरवली. नेम विसरले. बोनटखाली आम्ही आहोत, तेही विसरले.

रेल्वेच्या पुलाखाली खड्डा लागला. मी झाकणावरून घसरलो आणि बाजूच्या पत्र्याच्या खाचेत अडकलो. माझं काम एकच होतं, खण दाबून धरायचं. पंख्याच्या वाऱ्यानं तो उचलला गेला आणि सायलेन्सरच्या नळीवर जाऊन बसला. ती नळी तव्यासारखी तापते. खणाची कड तपकिरी झाली, मग काळी. पेट्रोलची नळी तिथून वीतभर होती. मी बघत राहिलो.

"अहो... जळतंय काहीतरी."

एकनाथरावांनी आधी हँडब्रेक चाचपला. सुटलेला होता. तापमानाचा काटा जागेवर होता. क्लचवरून पाय काढून त्यांनी पुन्हा वास घेतला. "रबर नाही. वायर असती तर नाकाला झोंबली असती. हे कापड आहे गं. तुझा पदर बघ कुठं अडकलाय का."

"पदर... हातात आहे."

आता धूर आत यायला लागला. पद्मावती खोकायला लागली, आणि खोकल्यामागून श्वास येईचना. थांबावं तर डॉक्टर लांबणार, चालवावी तर धूर तिच्या छातीत जाणार. चादरघाटच्या पुलावर त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि आधी तिचं दार उघडलं.

"उतर."

"माझ्यानं... नाही व्हायचं. तुम्ही लांब व्हा."

"गप बस," ते म्हणाले आणि तिला काखेत धरून ओढू लागले. मागून एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाला पन्नाशीचा, पान खाल्लेला. "चचा, अम्मा को मैं बिठाता. तुम गाडी देखो. बोनट पूरा नक्को खोलो, हवा लगी तो भड़कती. जरासा उठाओ."

दोन बोटांची फट झाली. धूर बाहेर पडला. एकनाथरावांना नळीवरचा हिरवा तुकडा दिसला आणि त्यांचं तोंड उतरलं. आत हात घालून ते काहीतरी शोधू लागले, आणि त्यांना मी सापडलो. मी भाजून निघालो होतो. त्यांनी मला घट्ट धरलं, सोडलं नाही. माझ्या तोंडात खण अडकवून बाहेर खेचला आणि चपलेनं विझवला.

रिक्षावाल्यानं कुंकू बघितलं. "अम्मा का है?"

"उनको बोलो नक्को," एकनाथराव हळूच म्हणाले. अर्धा जळलेला खण त्यांनी खिशात घातला. रिक्षात बसताना मी त्यांच्या हातातच होतो.

"काय होतं?" तिनं विचारलं.

"पंख्याचा पट्टा घासत होता."

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. तासाभरानं तिचा श्वास खाली बसला. मग तिनं त्यांचा हात ओढून उलटा केला. तळहातावर माझ्या लांबीची लाल खूण होती, आणि खुणेला कुंकू चिकटलेलं.

"पट्टा म्हणालात."

"हं."

"पट्ट्याला कुंकू कोण लावतं?"

त्यांनी खिशातला अर्धा जळका खण काढून तिच्यापुढे ठेवला.

"मीच ठेवला होता," ती म्हणाली.

"काढायचं काम माझं होतं."

तिनं तो हात सोडला नाही. मग म्हणाली, "विनयला सांगू नका. उद्याच विकायला लावेल."

पुढे गाडी विकलीच. डिकीतलं सगळं गाडीबरोबर गेलं, मला तेवढं त्यांनी काढून घेतलं. आता पद्मावतीही नाही. मी फडताळात असतो. एकनाथरावांना नीट दिसत नाही, पण खंडेनवमीला ते मला चाचपून काढतात, पुसतात, त्या खुणेवर एकदा तोलतात. मग ट्रंकेतला अर्धा जळका खण पाटावर पसरून मला वर ठेवतात. मी तो दाबून धरतो. आता घसरत नाही.

गाडी काढायच्या घाईत असाल, तरी एकदा बोनट उघडून बघा. कुणीतरी मायेनं ठेवलेलं काही आत राहिलेलं असतं.